लुईझियानाच्या दलदलीत आई-बाबांना कुठे न्यावे?

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनला राहतो. एप्रिलमध्ये आई-बाबा येत असून त्यांना केजन (फ्रेंच वंशाच्या स्थानिक लोकांच्या) प्रदेशातील दलदल दाखवायची आहे. परंतु बाबांचे गुडघे दुखतात. काय सोयीचे पडेल?

उत्तर १: ब्रो ब्रिज गावाजवळचे लेक मार्टिन हे तळे गाठावे. वसंतात तेथे बगळे आणि चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी चमचे पक्षी (स्पूनबिल) घरटी करतात, आणि दुर्बीण असल्यास ती रस्त्याच्या कडेवरूनही न्याहाळता येतात.

उत्तर २: बाबांसाठी कायाक (वल्ह्याची छोटी होडी) नको, सपाट बुडाची मोटारबोट बरी. सायप्रसच्या खोडांभोवती पाण्यातून वर आलेले मुळांचे खुंट आणि फांद्यांवरून लोंबणारे राखाडी स्पॅनिश मॉस सावकाश पाहण्यातच खरा आनंद आहे.

उत्तर ३: कृपया मगरीसारख्या अ‍ॅलिगेटरना काहीही खायला घालू नये, कारण त्यामुळे त्यांची माणसाविषयीची भीती मोडते.