हवामान कायद्याने वीजनिर्मितीतला धूर खरोखर कमी होतो का?

रंकाळेकर
ब्रिटनने 2008 साली हवामान बदल कायदा करून उत्सर्जनाला पाच-पाच वर्षांची मर्यादा घातली आणि सरकारवर नजर ठेवायला स्वतंत्र समिती नेमली. 2012 साली तिथली सुमारे 40 टक्के वीज कोळशावर तयार होत होती. 30 सप्टेंबर 2024 रोजी शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले. आपले 2070 चे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेण्याचे, उद्दिष्ट मात्र नुसती घोषणा आहे. माळढोक पक्ष्याच्या खटल्यात 2024 साली सर्वोच्च न्यायालयानेही हवामान बदलासाठी आपल्याकडे असा एकछत्री कायदा नसल्याची नोंद केली. 2019 आणि 2021 चे महापूर सोसलेल्या कोल्हापूरने तरी या कायद्याची मागणी लावून धरावी, असे माझे मत आहे.

शिरोलीची भट्टी
सहमत नाही. ब्रिटनमधला कोळसा उद्दिष्टाने नव्हे, दराने हटला. 2013 पासून तिथल्या वीजनिर्मितीत कार्बन उत्सर्जनाला किमान किंमत लागू झाली, म्हणजे जाळलेल्या इंधनामागे पैसे मोजावे लागले, आणि ती वाढत गेली, तसा कोळसा नैसर्गिक वायूपुढे महाग पडू लागला. अमेरिकेत 2015 ची स्वच्छ वीज योजना न्यायालयाने 2016 साली रोखली आणि ती कधीच अमलात आली नाही. तरीही 2005 च्या तुलनेत कार्बन उत्सर्जनात 32 टक्के घट हे तिचे 2030 चे लक्ष्य तिथल्या वीजक्षेत्राने 2019 च्या सुमारासच गाठले, कारण वायू स्वस्त झाला होता. आमच्याकडे एक टन लोखंड वितळवायला विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी सहाशेच्या आसपास युनिट खाते, तेव्हा दर वाढला की कास्टिंगची (ओतीव भागांची) ऑर्डर दुसरीकडे जाते. शिवाय कोळशावर 2010 साली टनाला 50 रुपये उपकर बसला, 2016 साली तो 400 झाला आणि 2017 नंतर तो पैसा राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने गोळा केलेल्या पैशाची ही गत असेल, तर नव्या कायद्यावर विश्वास कसा ठेवायचा?

रंकाळेकर
ती किमान किंमत काही आभाळातून पडली नाही. ती संसदेनेच लावली. अमेरिकेला जमिनीखालचा स्वस्त वायू मिळाला, आपल्याला तो बाहेरून महागात आणावा लागतो. ज्या देशाला बाजार आयती वाट काढून देत नाही, त्यालाच कायद्याची गरज अधिक असते.

सहवीज अभियंता
बंधन काय करू शकते, हे आपल्याच जिल्ह्यात दिसते. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 86 नुसार नियामक आयोग वितरण कंपन्यांवर अपारंपरिक वीज घेण्याचे बंधन घालतो. तो आधार नसता, तर साखर कारखान्यांच्या बगॅसवरच्या (उसाच्या चिपाडावरच्या) वीज प्रकल्पांना बँकांनी दारात उभे केले नसते. पण ही वीज मुख्यतः गळीत हंगामात मिळते, आणि सौर वीज दिवसा. म्हणूनच 2025 साली देशाची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म झाली, तरी प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा 70 टक्क्यांच्या वर राहिला. कायदा करायचाच तर तो मेगावॅट, म्हणजे नुसती क्षमता, मोजणारा नको, प्रत्यक्ष तयार झालेले युनिट मोजणारा हवा.

शिरोलीची भट्टी
युनिट मोजायला माझी हरकत नाही. मात्र रात्रीच्या दरसवलतीवर वर्षानुवर्षे भट्ट्या चालवलेल्या उद्योगाला सूर्यास्तानंतर वीज कुठून आणि काय भावाने मिळेल, आणि कोळशावर घेतलेला पैसा वीज साठवणुकीवरच खर्च होईल का, या दोन गोष्टी कलमात लिहून मिळाल्याशिवाय माझा पाठिंबा गृहीत धरू नये.