विषय: दोन जुन्या रोड बाइक, एक स्टीलची आणि एक ॲल्युमिनियमची

मंडळींना सप्रेम नमस्कार,

घरापासून डर्बी स्थानकापर्यंत रोज सायकलने जावे आणि सुटीच्या दिवशी पीक डिस्ट्रिक्टचे चढ चढावेत, असा विचार आहे. सारख्याच किमतीत दोन जुन्या सायकली मिळत आहेत. पहिली १९८०च्या दशकाच्या मध्यातली, रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची, बारा गिअरची. दुसरी २०००च्या सुमाराची, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, कार्बनच्या चिमट्याची आणि मागे नऊ चकत्यांची. दोन्ही माझ्या मापाच्या आहेत. ॲल्युमिनियम हाडे खिळखिळी करते आणि स्टील गंजते, असे दोन्ही बाजूंनी ऐकू येत असल्याने निर्णय होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक डर्बीकर सभासद

*

ताई, नमस्कार.

ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असते, पण त्याचा ताठपणाही तितकाच कमी असतो. त्यामुळे स्टीलइतक्याच बारीक नळ्या वापरल्या तर फ्रेम लवचीक होते, आणि व्हिटस ९७९सारख्या डिंकाने जोडलेल्या जुन्या फ्रेमींची ख्याती तशीच होती. नळीचा व्यास वाढवला की ताठपणा झपाट्याने वाढतो, हे हेरून कॅननडेलने १९८३पासून जाड नळ्यांच्या फ्रेमी बाजारात आणल्या. हाडे खिळखिळी होण्याचा बोलबाला त्या जाड नळ्यांमुळे झाला. पण माझ्या मते अंगाला जाणवणारा फरक फ्रेमपेक्षा टायर अधिक घडवतात. म्हणून धातूचा विचार करण्याआधी कोणत्या सायकलीत २८ मिलिमीटरचा टायर आणि मडगार्ड एकत्र बसतात, ते पाहावे. २०००च्या सुमाराच्या बऱ्याच शर्यती सायकलींत ते बसत नाहीत.

पहिल्या सायकलीची चाके २७ इंची असतील तर त्यांच्या धावेचा व्यास ६३० मिलिमीटर असतो आणि आजच्या ७०० सी चाकांचा ६२२. चाके बदलल्यास टायरला ४ मिलिमीटर जागा जास्त मिळते, मात्र ब्रेकचे रबर तेवढेच खाली सरकायला हवे. मागच्या चिमट्याची रुंदी त्या काळी बहुधा १२६ मिलिमीटर असे आणि पुढे ती १३० झाली; स्टीलची फ्रेम कुशल कारागिराकडून तेवढी फाकवून घेता येते, ॲल्युमिनियमची मात्र फाकवू नये.

रेनॉल्ड्सने बर्मिंगहॅममध्ये १९३५ साली आणलेले ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनमयुक्त स्टील. नळ्यांवरचा स्टिकर नीट वाचावा, कारण काहींवर फक्त तीन मुख्य नळ्याच ५३१च्या असल्याचे लिहिलेले असते. स्टिकर सुटाही मिळतो. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असलेल्या ५३१ नळ्यांच्या फ्रेममध्ये सीटपोस्ट (आसनाचा दांडा) साधारणपणे २७.२ मिलिमीटरची बसते, ही खूण अधिक भरवशाची.

आता गंजाविषयी. येथील हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे स्टील आतून गंजते हे खरे; परंतु सीटपोस्ट काढून नळीत गंजरोधक तेल सोडले तर फ्रेम दीर्घकाळ टिकते. ॲल्युमिनियमचे दुखणे वेगळे. एका मर्यादेखालचा ताण स्टील कितीही वेळा सोसते, ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. म्हणून त्या सायकलीचा पुढच्या नळीचा सांधा, पॅडलच्या आसाभोवतालचा भाग आणि मागचे चाक अडकते ती जागा पुसून घेऊन उजेडात तडा शोधावा. तडा दिसला तर ती सायकल नको, कारण वेल्डिंग केल्यास धातूचे मूळ बळ जाते आणि पुन्हा उष्णता-संस्कार करण्याचा खर्च सायकलीच्या किमतीहून जास्त होतो. स्टीलचा सांधा मात्र पितळेने पुन्हा जोडून देणारे लोक इंग्लंडात अजून आहेत.

सीटपोस्टचा स्क्रू सैल करून ती हलते का, हे दोन्ही सायकलींत पैसे देण्याआधी पाहावे. जाम झालेली सीटपोस्ट काढणे हे कटकटीचे काम आहे. हे सारे ठीक निघाले तर रोजच्या स्थानकासाठी मी स्टीलची घेईन. ओरखडे पडलेली जुनी सायकल चोराच्या नजरेतही कमी भरते.

आपला,
एक लेस्टरकर सभासद

*

नमस्कार,

काकांच्या पत्राला थोडी पुरवणी जोडतो. चढांचा विचार केला तर फ्रेमपेक्षा गिअर महत्त्वाचे. बारा गिअरच्या सायकलींना पुढे बहुधा ५२ आणि ४२ दातांच्या चकत्या असतात, आणि मागची सर्वांत मोठी चकती २४ची असेल तर पॅडलच्या एका फेरीत चाक पावणेदोन वेळा फिरते. पीक डिस्ट्रिक्टमध्ये गुडघे त्याबद्दल तक्रार करतील. दुसऱ्या सायकलीला पुढे तीन चकत्या असतील तर माझे मत तिच्या बाजूने पडेल.

एक नॉटिंगहॅमकर सभासद

*

पुरवणी रास्त आहे. मात्र मागे सर्वांत मोठी चकती २८ दातांची असलेले फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) बसवले तर ४२शी गुणोत्तर दीड होते, आणि तो खर्च फारसा नाही. मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) २८ दात पेलतो की नाही, एवढे दुकानदाराला विचारून घ्यावे. ताई, दुसऱ्या सायकलीला पुढे किती चकत्या आहेत, ते कृपया कळवावे.

एक लेस्टरकर सभासद