लग्नाचा बस्ता कुठं बांधायचा? भाव बघून की दुकानातल्या नोकरांचे हाल बघून?

गोलाईकर (लातूर):
पुतणीचं लग्न ठरलंय. बस्त्यासाठी दोन दुकानं डोळ्यासमोर आहेत. एक तीन मजली, एसी, बसल्या जागी चहा-नाश्ता, भाव कमी. दुसरं लहान, गल्लीतलं. मी लहान दुकानाच्या बाजूनं आहे. तिथं साड्या दाखवणाऱ्या बायकांना काउंटरमागं स्टूल आहे, आठवडी सुट्टीचा पगार कापत नाहीत आणि पगार खात्यावर येतो. मोठ्या दुकानात पोरी सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत उभ्या. बाथरूम फक्त गिऱ्हाइकांसाठी. म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत, तेही एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात. अख्ख्या बस्त्यात फरक पडतो दोन-अडीच हजारांचा. घरचे म्हणतात, "आपण काय लेबर ऑफिसर आहोत का?" माझं म्हणणं, लाखभर रुपये खर्चायचेच आहेत तर ते जिथं माणसाला माणूस समजतात तिथं का नाही?

सुगीची_वाट (जिंतूर):
दादा, विचार चांगलाय, पण तो पगारदाराला परवडतो. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 होता आणि आमच्या मोंढ्यात माल चार हजाराच्या आसपास गेला. तुमचे दोन-अडीच हजार म्हणजे माझं अर्ध्या क्विंटलाहून जास्त सोयाबीन. आम्हाला रास्त भाव द्यायला कोण गल्लीतलं दुकान शोधायलंय? मी जिथं स्वस्त तिथं जाणार, आणि त्याची लाज वाटून घेणार नाही.

गोलाईकर:
तुम्ही लाज वाटून घ्यावी असं मी म्हणतच नाही. ज्याला झेपतं त्यानं करावं.

कापडवाला (परभणी):
मी दुकानदार आहे, माझंही ऐका. नोकरांना वेळेवर पगार द्या म्हणणारी हीच माणसं बस्ता बांधतात आणि निम्मे पैसे "सुगी झाल्यावर" म्हणून जातात. खळं झालं की फोन उचलत नाहीत. तिकडं सुरतच्या व्यापाऱ्याचे पैसे ठरल्या तारखेला द्यावेच लागतात. मग थांबतं कोण? महिन्याचा पगार. नोकराचं भलं करायचंय ना? भाव पाडू नका आणि नगदी द्या. आणि काहीच करू नका, फक्त मागची उधारी आणून द्या.

जमाखर्च (नांदेड):
कापडवाल्यांची उधारीची तक्रार सोळा आणे खरी. मी छोट्या दुकानांची खाती लिहितो, रोज बघतो. पण दुसरी बाजूही रोजच बघतो. दहा कामगार झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं, वीस झाले की पीएफ. म्हणून दुकानात माणसं चौदा आणि हजेरीवर नावं नऊ. बाकीचे "पाहुणे". इन्स्पेक्टर आला की पाहुणे गोडाऊनमध्ये.

यात वाचतं किती ते बघा. पगार 12,000 धरा. ईएसआयच्या हप्त्यात मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 390 रुपये, कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 90. एवढ्यात त्याच्या घरादाराचा दवाखाना होतो. आजारपणाच्या रजेत 70 टक्के पगार मिळतो, बाईला बाळंतपणात 26 आठवडे पूर्ण पगार. सगळे चौदा दाखवले तर मालकाला महिन्याला साडेपाच हजाराच्या आत खर्च येतो. लग्नसराईतली एक दुपार.

मोरपंखी (अंबाजोगाई):
मी अशीच "पाहुणी" होते, पाच वर्षं. जमाखर्च साहेब, तुम्ही टक्के सांगितले, मी पाय सांगते. रात्री घरी गेल्यावर चप्पल निघायची नाही, इतके सुजायचे. गिऱ्हाईक नसतानाही बसायचं नाही, मालक कॅमेऱ्यात बघायचे. साडी उसवलेली निघाली तर पैसे आमच्या पगारातून.

गोलाईकर दादा, स्टूल दिसलं म्हणून लगेच भुलू नका. आमच्याकडंही एक होतं, गिऱ्हाइकाच्या लेकरासाठी. विचारायचंच असेल तर मालकाला नका विचारू. साडी दाखवणाऱ्या बाईला हळूच विचारा, "ताई, जेवण किती वाजता झालं?" चार वाजता म्हणाली की समजून घ्या.

कापडवाला (परभणी):
ताई, तुमच्या मालकाचं मी समर्थन करत नाही. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. माझ्या माणसाच्या पोरीच्या लग्नात मी 80 हजार उचल दिली, बिनव्याजी. हे कुठल्या कायद्यात बसतं? ईएसआयवाले देतील का?

मोरपंखी (अंबाजोगाई):
उचल फिटेपर्यंत तो दुसरीकडं कामाला जाऊ शकतो का, तेवढं सांगा. आमच्या बीड जिल्ह्यातनं दर दिवाळीला लोक मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर ऊस तोडायला जातात. ती मदत किती आणि अडकवणं किती, ते आम्हाला नका शिकवू.

कापडवाला (परभणी):
जाऊ शकतो. अजून गेला नाही, ही गोष्ट वेगळी.

सुगीची_वाट (जिंतूर):
कसा जाईल? 80 हजार आणणार कुठून?

गोलाईकर:
मला वाटतं आपण उगंच मालक वाईट की गिऱ्हाईक वाईट यात अडकलोय. मी यावेळी दोन्ही करणार. लहान दुकानात जाणार आणि सगळे पैसे त्याच दिवशी देणार. भाव मात्र करणार हां, बस्त्यात भाव केला नाही तर आमची वहिनी मलाच घराबाहेर काढेल.

जमाखर्च (नांदेड):
कापडवाले, तुमच्या हजेरीवर नावं किती?

कापडवाला (परभणी):
आठ. आणि माणसंही आठच, कधीही येऊन मोजा.

जमाखर्च (नांदेड):
मग ईएसआय लागत नाही, मान्य. पण निदान अपघाताचा सरकारी विमा तरी काढा. सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता माणशी 20 रुपये, कवच दोन लाखांचं. आठ जणांचे मिळून 160. तेवढ्याच्या कॅरीबॅगा तुम्ही एका दिवसात वाटता.

कापडवाला (परभणी):
काढतो की. पण तो हप्ता त्यांच्या खात्यातून कटतो ना? तिघांचं बँकेत खातंच नाही, पगार हातात देतो.

मोरपंखी (अंबाजोगाई):
मग सोमवारी त्यांना दोन तास सुट्टी द्या आणि आधी खाती काढून आणा. त्या दोन तासांचा पगार कापू नका म्हणजे झालं.