ई-मेलच्या नकाशावर आपली माणसे सापडतात का?

महालकर
मिहानकर यांनी परवा लिहिले की, त्यांनी आपल्या पंधरा वर्षांच्या ई-मेलचा नकाशा काढला, प्रत्येक व्यक्तीचे एक वर्तुळ केले, जितके ई-मेल जास्त तितके ते मोठे, आणि ‘ज्याचे वर्तुळ मोठे, तोच खरा जवळचा’ असे ठरवून नागपुरातील सारे नातेवाईक परिघावर नेऊन बसवले. यावर गप्प राहणे मला शक्य नाही. एमआयटी मीडिया लॅबने २०१३ मध्ये ‘इमर्शन’ नावाची जी प्रणाली खुली केली, तिच्याच धर्तीचे हे चित्र आहे. ती पाठवणारा कोण, स्वीकारणारा कोण, प्रत कोणाला गेली आणि वेळ कोणती, एवढेच पाहत असे. मजकुराला हातही लावत नसे. पाकिटांवरचे पत्ते मोजून नाती ठरवण्याचा हा प्रकार आहे. माझी थोरली बहीण मानेवाड्याला राहते. वडील मेडिकलमध्ये भरती असताना रात्रीच्या रात्री तिने जागून काढल्या, आणि माझ्या ई-मेलमध्ये मात्र तिचे नाव वडिलांच्या हयातीच्या दाखल्यापुरतेच आहे. तिचे वर्तुळ माझ्या विमा प्रतिनिधीच्या वर्तुळाहून लहान निघणार असेल, तर अशा नकाशाला नात्यांचा नकाशा म्हणू नये.

मिहानकर
आपण एकाच प्रकारचे चित्र धरून सगळ्यांना झोडपत आहात. फर्नांडा व्हिएगास, स्कॉट गोल्डर आणि ज्युडिथ डोनाथ यांनी २००६ मध्ये मांडलेले ‘थीमेल’ मजकूरच वाचत असे. एखाद्या व्यक्तीशी त्या महिन्यात वारंवार आलेले, पण इतरांशी क्वचित आलेले शब्द ते मोठ्या अक्षरांत दाखवी आणि असे स्तंभ महिन्यामागून महिना उभे करी. मी पुण्याच्या एका मित्राशी झालेला पत्रव्यवहार तसा मांडला. आधीची काही वर्षे ‘प्रकल्प’, ‘परीक्षा’, ‘तिकीट’ असे शब्द होते. मग एका हिवाळ्यात ‘बाबा’, ‘आयसीयू’ आणि ‘झोप’ हे तीनच शब्द सर्वांत मोठे झाले. त्या दिवसांत मला रोज कोण लिहीत होते हे मी विसरलो होतो. तुमच्या बहिणीची सेवा नकाशात दिसत नाही म्हणून माझ्या मित्राचे शब्द खोटे ठरत नाहीत.

निवृत्त कक्ष अधिकारी
मूळ दोष प्रतींचा आहे आणि त्याकडे कोणीच पाहत नाही. दरवर्षी डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरले की तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचनांची उत्तरे जमवताना आमच्याकडे ई-मेलचा पूर येई, आणि आमचे एक वरिष्ठ प्रत्येक ओळीची प्रत ‘माहितीस्तव’ म्हणून संपूर्ण शाखेला पाठवत, म्हणजे उद्या काही चुकले तर जबाबदारी सर्वांची. ज्यांच्याशी मी कामाशिवाय एक वाक्य बोललो नाही, ते गृहस्थ माझ्या नकाशात सर्वांत मोठे दिसतील.

मिहानकर
त्यावर उपाय आहे. एक संदेश चाळीस जणांना गेला असेल, तर दोन वर्तुळांना जोडणाऱ्या प्रत्येक रेघेचे वजन चाळिसाने भागावे.

अजनीकर
भागू नका! प्रतीइतके खरे काहीच नाही. मी एका खासगी कंपनीत होतो. साहेबांचे बोलणे, हसणे, चहाला बोलावणे सगळे पूर्ववत होते. केवळ प्रतींच्या यादीतून माझे नाव गळू लागले आणि काही महिन्यांनी माझी बदली झाली. तसा आलेख तेव्हा असता, तर माणसे तोंडाने जे सांगत नव्हती ते मला वेळेवर कळले असते.

निवृत्त कक्ष अधिकारी
तो सत्तेचा नकाशा झाला, जिव्हाळ्याचा नव्हे. माझे नाव प्रत्येक प्रतीत होते आणि तरीही पदोन्नतीच्या यादीत नव्हते. तुमच्या एका बदलीवरून नियम बनवू नका.

अजनीकर
आणि तुमच्या एका वरिष्ठावरून बनवावा काय? नोकरीतील माणसाचा निम्मा जीव त्या सत्तेच्या नकाशातच अडकलेला असतो.

महालकर
कार्यालयापुरते मान्य करतो, तेही नाइलाजाने. घराबाबत एक शब्दही मागे घेणार नाही.

धरमपेठ
इथे प्रतींवर भांडण चालले आहे आणि ज्यांची पत्रे वापरली त्यांना विचारायला कोणी तयार नाही. मिहानकर, तुम्ही प्रसिद्ध केलेल्या चित्रात मी आहे. आद्याक्षरे, जुना विभाग आणि आपला पत्रव्यवहार थांबला ते वर्ष, इतके दिल्यावर ओळखणाऱ्यांनी ओळखले आणि ‘तुमचे काय बिनसले?’ असे मला दूरध्वनी आले. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे आपल्याला परिचित असलेल्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीचे ई-मेल अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये चौकशीनंतर खुले केले. अभ्यासक वापरतात त्या संचात सुमारे १५० कर्मचाऱ्यांचे ५ लाखांच्या आसपास संदेश आहेत, आणि त्यांत व्यवहारांबरोबर लोकांची घरगुती पत्रेही गेली. ज्यांनी ती लिहिली, त्यांनी ती जगासाठी लिहिली नव्हती.

मिहानकर
एकही वाक्य मी उघड केलेले नाही. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम वैयक्तिक किंवा घरगुती वापराला लागू होत नाही.

धरमपेठ
आपल्या संगणकावर पाहिले, तोवर ते घरगुती होते. शेकडो लोकांपुढे टांगल्यावर त्याला घरगुती म्हणणे हा माझा अपमान आहे. मी का थांबले, हे तुमच्या रेघेला ठाऊक नाही. त्या वर्षी माझ्या घरी काय चालले होते, ते तुम्ही कधी विचारलेही नाही.

महालकर
हाच माझा मुद्दा होता, आणि तो त्यांनी माझ्याहून नेमका मांडला. रेघ तुटली हे दिसते, का तुटली हे दिसत नाही.

मिहानकर
का तुटली हे विचारावे असे निदान रेघ पाहून तरी सुचते. न पाहता आपण किती जणांना विचारतो? चित्र आज रात्री काढून घेतो. लेख राहील, आणि मतही तेच राहील.

धरमपेठ
चित्र काढा. मत ठेवा, त्यावर उद्या लिहीन.