होलाशोवित्से (दक्षिण बोहेमिया, चेक प्रजासत्ताक): बसनं जाऊन अर्ध्या दिवसात काय पाहावं?

प्रश्न – भटकंती_७७
चेस्के बुद्येयोवित्सेला दोन रात्री मुक्काम आहे. तिथून होलाशोवित्से करायचंय. युनेस्कोच्या यादीतलं गाव, एवढंच माहीत आहे. घरं मध्ययुगीन आहेत का? तिकीट लागतं का? गाडी भाड्यानं न घेता जमेल? आणि शाकाहारी माणसाला खायला काय मिळेल?

उत्तर – जुनी_घरं
मध्ययुगीन आहे ते गावठाण, घरं नव्हेत. मधोमध सुमारे २१० मीटर लांब, ७० मीटर रुंद मोकळं मैदान, त्यात तळं आणि १७५५ चं सेंट जॉन नेपोमुकचं छोटं देऊळ, भोवती २३ शेतकरी वाडे. ही आखणी जुनी. तेराव्या शतकात गावाचा उल्लेख सापडतो. १२९२ साली राजा दुसरा व्हाट्स्लाव्ह यानं ते विश्शी ब्रोडच्या मठाला दिलं आणि १८४८ पर्यंत ते मठाकडेच राहिलं. १५२०-२५ च्या प्लेगात दोनच माणसं वाचली असं सांगतात. मग मठानं बव्हेरिया-ऑस्ट्रियातून कुटुंबं आणून वसवली, म्हणून पुढे गाव बहुतांशी जर्मनभाषक झालं.

आज दिसणारे दर्शनी भाग मुख्यतः एकोणिसाव्या शतकातले. १८४८ ला वेठबिगार संपली, शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला आणि गावच्या गवंड्यांनी शहरातल्या बरोक, म्हणजे नक्षीदार वळणावळणाच्या शैलीतल्या, चर्चची वळणं चुन्याच्या गिलाव्यात घरावर उतरवली. यालाच ‘सेल्स्के बरोको’, म्हणजे शेतकरी बरोक, म्हणतात.

गाव टिकलं कसं, हेही कळायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनभाषकांना हाकललं, कित्येक वाडे ओस पडले. नवं बांधायला कुणी नव्हतं, म्हणून जुनं पाडलंही गेलं नाही. १९९० नंतर डागडुजी झाली, १९९८ ला युनेस्कोची मोहोर लागली. माहितीपत्रकं मधली ही पन्नास वर्षं एका ओळीत उरकतात.

उत्तर – नकाशावाला
गावात फिरायला तिकीट नाही. हे संग्रहालय नव्हे, लोक राहतात. दार उघडं दिसलं म्हणून अंगणात शिरू नका. आतून वाडा पाहायचा तर संग्रहालय केलेला वाडा आहे, त्याचं तिकीट वेगळं.

एका वाड्यासमोर नीट दहा मिनिटं उभे राहा. मैदानाकडे तोंड केलेल्या दोन त्रिकोणी भिंती, मध्ये कमान: मोठं दार बैलगाडीला, शेजारी माणसांसाठी छोटं, आपल्या दिंडी दरवाजासारखंच. एका बाजूला राहतं घर. दुसऱ्या बाजूला कोठार किंवा ‘वीमेनेक’: शेत मुलाच्या नावावर केल्यावर आईबापांनी राहायचं घर. त्यांना किती धान्य, किती दूध द्यायचं ते करारात लिहून ठेवत! मागे अंगण, गोठा, खळ्याची इमारत, मग बाग. अनेक भिंतींवर वर्ष कोरलेलं असतं, ते वाचत गेलात की रांग कशी बदलत गेली ते कळतं.

गावाबाहेरचं दगडांचं वर्तुळ २००८ चं आहे. प्राचीन समजून फसू नका. वेळ कमी असेल तर सोडा.

बस आहेत, पण मोजक्या, आणि शनिवार-रविवारी आणखी कमी. इडॉसवर (IDOS, चेक बस-रेल्वेच्या वेळा शोधायचं संकेतस्थळ) वेळ काढा, परतीची बस आधी बघा. थांब्यावरच्या तक्त्यात आडवे-तिडवे दोन हातोडे म्हणजे फक्त कामाचे दिवस, क्रॉस म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. हातोडे न पाहता वेळ वाचली की शनिवारी थांब्यावर ताटकळावं लागतं. जुलैअखेर शेतकरी जत्रा भरते. मैदान दुकानांनी भरून जातं, घरांचे फोटो विसरा.

उत्तर – ताकभात
खाण्याचं: ‘स्माझेनी सीर’, म्हणजे पाव-चुऱ्यात तळलेलं चीज, मिळून जातं. ‘कुलायदा’ हे शेपू, मशरूम, बटाटा नि सायीचं सूप खास तिकडचं. पण त्यात अंडं असतं आणि रस्सा मांसाचा असू शकतो. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाविना, एवढं म्हणून विचारा. थंडीत गावातली खानावळ बंद मिळू शकते, डबा सोबत ठेवा.

भटकंती_७७
आभार! पण इडॉस मला गाड्या बदलत पार पूर्वेला, ओपावाकडे पाठवतंय?

नकाशावाला
ते होलासोवित्से, दुसरंच गाव. आपल्याला हवं त्याच्या एस अक्षरावर छोटी उलटी टोपी असते, उच्चार ‘श’. टोपीशिवाय टाइप केलंत तर दोन्ही नावं येतात. थांबा निवडताना आधी ‘यांकोव्ह’ (Jankov) लिहा. आपलं गाव त्या ग्रामपंचायतीत मोडतं.