प्रोलिडेझच्या मोजमापासाठी ग्लायसिल-प्रोलीन : ब्लँक इतका का चढतो?

ऊतीशोध (प्रश्न)

नमस्कार. मी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. मधुमेहामुळे पायाला झालेल्या आणि महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांच्या रुग्णांमध्ये प्रोलिडेझ या विकराची (एन्झाइमची) क्रियाशीलता मोजणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. कोलॅजेनच्या विघटनात अगदी शेवटी जे डायपेप्टाइड (दोन अमिनो आम्लांच्या जोड्या) उरतात, त्यांपैकी कार्बॉक्सिल टोकाला प्रोलीन किंवा हायड्रॉक्सिप्रोलीन असलेले डायपेप्टाइड हे विकर तोडते, आणि मोकळे झालेले प्रोलीन नव्या कोलॅजेनच्या बांधणीत पुन्हा वापरले जाते. जखम भरण्याशी त्याचा संबंध असावा, ही कल्पना तिथूनच आली.

सबस्ट्रेट (विकर ज्यावर क्रिया करते तो पदार्थ) म्हणून ग्लायसिल-प्रोलीन वापरते. नमुना ट्रिस बफरमध्ये १ मिलिमोलर मँगनीज क्लोराइडबरोबर निम्मा पातळ करून ३७ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवते, मग त्यात सबस्ट्रेट घालून ३० मिनिटांनी ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने क्रिया थांबवते, आणि वरच्या निवळीतील प्रोलीन चिनार्डच्या आम्लयुक्त निनहायड्रिन पद्धतीने ५१५ नॅनोमीटरवर मोजते. सबस्ट्रेटची अंतिम संहती ५० मिलिमोलर आहे.

अडचण अशी की ब्लँकच (विकराची क्रिया नसतानाचे वाचन) इतका चढतो, की नमुन्याचे आणि ब्लँकचे वाचन यांत फारसा फरक उरत नाही. शिवाय काही नमुन्यांत क्रियाशीलता जवळजवळ शून्य दिसते, तर काहींत ती अवाजवी वाढलेली दिसते, आणि रुग्णांच्या प्रकृतीशी या फरकाचा मेळ लागत नाही. एका सहकाऱ्याने सुचवले, की निनहायड्रिनची कटकट सोडून ग्लायसिल-प्रोलिल-पॅरानायट्रोॲनिलाइड मागवावे, कारण त्याचा पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरवर थेट वाचता येतो. ते योग्य होईल का? आणि मुळात ग्लायसिल-प्रोलीनऐवजी दुसरा एखादा डायपेप्टाइड घ्यावा का?

निवृत्त_अध्यापक

पॅरानायट्रोॲनिलाइड कृपया मागवू नका. नावात ग्लायसिल-प्रोलिल असल्यामुळे ही गल्लत सहज होते, आणि तिच्यामुळे संपूर्ण प्रकरण चुकीच्या विकरावर लिहिले जाऊ शकते. प्रोलिडेझला दोन्ही टोके मोकळी असलेला डायपेप्टाइड लागतो. प्रोलीनच्या कार्बॉक्सिल टोकाला नायट्रोॲनिलीन जोडले, की तो रेणू प्रोलिडेझचा सबस्ट्रेट राहत नाही. तो डायपेप्टिडिल पेप्टिडेझ-४ चा सबस्ट्रेट होतो. हे दुसरे विकर अमिनो टोकाकडून दोन-दोन अमिनो आम्लांचा तुकडा तोडते, आणि दुसऱ्या जागी प्रोलीन असणे त्याला विशेष मानवते. सीरममध्ये ते भरपूर असते, त्यामुळे आपल्या नळीत पिवळा रंग उत्तम येईल, प्रमाणरेषा सरळ येईल, आणि त्यातले काहीही प्रोलिडेझचे नसेल. शिवाय त्याच विकराला रोखणारी ग्लिप्टिन गटातील औषधे मधुमेहाचे अनेक रुग्ण रोज घेतात, म्हणजे आपल्या रुग्णगटात तर ते वाचन दुहेरी दिशाभूल करील. उलट बाजूने पाहता, डायपेप्टिडिल पेप्टिडेझ-४ ला तोडण्यासाठी किमान तीन एककांची साखळी लागते, म्हणून साध्या ग्लायसिल-प्रोलीनला ते हात लावत नाही. सीरममधील प्रोलिडेझसाठी हा साधा डायपेप्टाइड अजून टिकून आहे, तो याच कारणाने.

आता ब्लँकविषयी. आपण 'ब्लँक' असा एकच शब्द वापरला आहे. मला वाटते अडचणीचे मूळ तिथेच आहे. या मोजमापात ब्लँक दोन असतात, दोघांची कारणे वेगळी असतात, आणि ती वेगवेगळी शोधावी लागतात.

पहिला सबस्ट्रेटचा. बाजारातील ग्लायसिल-प्रोलीनमध्ये थोडे मोकळे प्रोलीन राहून गेलेले असू शकते. बाटलीवर ९८ टक्के किंवा ९९ टक्के शुद्धता वाचून आपण निर्धास्त होतो, पण हिशेब करून पाहा : ५० मिलिमोलर सबस्ट्रेटमध्ये अवघे अर्धा टक्का मोकळे प्रोलीन असले, तरी ते २५० मायक्रोमोलर होते. ३० मिनिटांत विकराने मोकळे केलेले प्रोलीन पुष्कळदा याच पल्ल्यात असते. म्हणजे इतर कामांत जी अशुद्धता कुणाच्या लक्षातही येणार नाही, ती इथे मोजायच्या पदार्थाइतकीच मोठी ठरते. डायपेप्टाइड सबस्ट्रेट म्हणून वापरताना ही गोष्ट नेहमी जाणवते : विकराचा मायकेलिस स्थिरांक (ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती) मिलिमोलरच्या घरात असतो, म्हणून सबस्ट्रेट भरपूर घालावे लागते, आणि आपण शोधत असतो तेच अमिनो आम्ल त्याच्याबरोबर चोरपावलांनी नळीत येते.

दुसरा ब्लँक नमुन्याचा. रक्तद्रवात मोकळे प्रोलीन साधारण १०० ते ३५० मायक्रोमोलर असतेच. त्यात आपण सीरम ३७ अंशांवर २४ तास ठेवता, तेवढ्या वेळात इतर प्रोटिएझ आणि पेप्टिडेझ आपापले काम करीत राहतात आणि आणखी अमिनो आम्ले मोकळी होतात. चिनार्डची पद्धत प्रोलीनसाठी निवडक आहे हे खरे. आम्लात ग्लायसीनचा रंग नगण्य येतो, आणि ग्लायसिल-प्रोलीन तुटताना ग्लायसीनही तेवढेच सुटत असल्यामुळे ही निवडकता फार मोलाची आहे. परंतु ऑर्निथीन आणि लायसीन हेही रंग देतात. चिनार्ड यांच्या १९५२ च्या मूळ निबंधाच्या शीर्षकातच प्रोलीनबरोबर ऑर्निथीनचे नाव आहे, हे आज पद्धत उतरवून घेणारे सहसा विसरतात. म्हणून नमुन्याचा ब्लँक ताज्या सीरमचा घेऊन चालणार नाही. जो नमुना मँगनीजबरोबर २४ तास राहिला, त्याच नमुन्यात आधी ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल आणि नंतर सबस्ट्रेट घालून तयार केलेली शून्य मिनिटाची नळीच खरा ब्लँक होय, आणि ती प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र हवी.

दोघांपैकी दोष कोणाचा, हे ठरवायला एक दिवस पुरेल. सीरम न घालता सबस्ट्रेट १०, २०, ३०, ४० आणि ५० मिलिमोलर असे घेऊन रंग वाचा. रेषा सबस्ट्रेटबरोबर सरळ चढत असेल, तर प्रोलीन बाटलीतूनच येते आहे. मग सबस्ट्रेट न घालता सीरमचे प्रमाण बदलत न्या. माझ्या अनुभवात पहिलाच दोष अधिक वेळा सापडतो. खात्रीसाठी पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर सबस्ट्रेटचा मोठा ठिपका द्यावा आणि आयसॅटिनचा फवारा मारावा. प्रोलीन निळे उमटते. ते दिसले, तर दुसऱ्या लॉटची बाटली मागवावी आणि पुरवठादाराकडून त्या लॉटचे विश्लेषणपत्रही मागून घ्यावे.

ब्लँक कमी करण्यासाठी सबस्ट्रेट कमी करावे, असा मोह होईल. त्याची किंमत माहीत असू द्यावी. सबस्ट्रेट मायकेलिस स्थिरांकाच्या दहापट असेल, तर वेग कमाल वेगाच्या ९१ टक्के मिळतो आणि मोजताना झालेली थोडी चूक खपून जाते. तो स्थिरांकाइतकाच असेल, तर वेग निम्मा होतोच, शिवाय पिपेटची प्रत्येक चूक उत्तरात उतरते. खर्चाची चिंता असेल, तर संहती नव्हे, आकारमान कमी करावे. ग्लायसिल-प्रोलीनचा रेणुभार १७२ आहे, म्हणजे ५० मिलिमोलरच्या १ मिलिलिटरला ८.६ मिलिग्रॅम लागते. तीच क्रिया १०० मायक्रोलिटरमध्ये केली, तर ०.८६ मिलिग्रॅममध्ये भागते. पावडर तोलताना मात्र तिच्यातील पाणी आणि क्षारभाग वजा करावा, कारण 'शुद्धता' आणि 'निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण' हे दोन वेगळे आकडे असतात.

जाता जाता सांगतो : गॅमा-जीटी या यकृताच्या तपासणीतील विकराच्या रोजच्या मोजमापात ग्लायसिल-ग्लायसीन हा डायपेप्टाइड असतोच, पण तिथे तो तुटत नाही, गॅमा-ग्लुटामिल गट स्वीकारणारा म्हणून काम करतो. पॅथॉलॉजी लॅबमधून संशोधनाकडे आलेल्या विद्यार्थ्यांना ही ओळख उपयोगी पडते आणि कधी कधी गोंधळातही टाकते.

नळी_आणि_नमुना

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून नमुन्यांपुरतेच बोलते. 'काही नमुन्यांत शून्य आणि काहींत अवाजवी' हे वाचून दोन शंका आल्या. रक्त कोणत्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतले होते? जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारे रसायन) असते, आणि प्रोलिडेझला तर धातूचा आयन लागतो. त्या ट्यूबमध्ये साधारणपणे रक्ताच्या दर मिलिलिटरला १.८ मिलिग्रॅम ईडीटीए, म्हणजे ४ ते ५ मिलिमोलर असते. आणि ते पेशींत न शिरता प्लाझ्मातच राहत असल्यामुळे प्लाझ्मातील संहती त्याहूनही अधिक असते. नमुना निम्मा पातळ केला, तरी आपण घातलेले १ मिलिमोलर मँगनीज ते संपूर्ण बांधून टाकते. विकर नळीत असते, पण धातूवाचून निकामी राहते, आणि वाचन शून्य येते.

दुसरी शंका हिमोलिसिसची, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याची. तांबड्या पेशींत प्रोलिडेझ भरपूर असते. रक्त काढताना सुई बारीक असेल, नळी जोराने हलवली असेल किंवा सीरम वेळेवर वेगळे केले नसेल, तर पेशी फुटतात आणि त्यांचे विकर सीरममध्ये मिसळते. गुलाबी छटेचे सीरम या तपासणीसाठी घेऊच नये. पेशींतील आर्जिनेझही बाहेर येते आणि आर्जिनिनचे ऑर्निथीन करते, म्हणजे वर सरांनी सांगितलेल्या ब्लँकमध्येही भर पडते.

ऊतीशोध

सर, ताई, आपले मनापासून आभार. आज नोंदवही उघडून पाहिली. पहिल्या तीन महिन्यांतील नमुने वॉर्डातून दुसऱ्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातून मिळाले होते आणि ते सगळे जांभळ्या झाकणाचे होते. शून्याच्या आसपासची वाचने नेमकी त्यांचीच आहेत. ते नमुने या मोजमापातून वगळावे लागतील. रुग्णांनी वेदनेत असताना दिलेले ते रक्त आहे, त्यामुळे हे फार मनाला लागले.

सबस्ट्रेटचा प्रयोगही केला. सीरमविना पाच संहतींवर वाचन घेतले, रेषा सरळ चढली. आता दुसऱ्या लॉटसाठी पत्र पाठवले आहे. पर्यायी डायपेप्टाइडविषयीचा माझा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

पेप्टाइड_बंध

डायपेप्टाइड बदलल्याने केवळ वाचन लहानमोठे होते, असे समजू नये. कधी कधी विकरच बदलते. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच विषयातले आहे. जन्मतः प्रोलिडेझ नसलेल्या रुग्णांच्या तांबड्या पेशींवर जेव्हा वेगवेगळे सबस्ट्रेट वापरून पाहिले गेले, तेव्हा ग्लायसिल-प्रोलीनवरची क्रिया जवळजवळ नाहीशी झालेली आढळली, पण मेथिओनिल-प्रोलीनवरची क्रिया बरीच शिल्लक होती. त्यातूनच प्रोलिडेझ-१ आणि प्रोलिडेझ-२ असा भेद पुढे आला. पहिले ग्लायसिल-प्रोलीन उत्तम तोडते, दुसऱ्याला ते जवळपास तोडता येत नाही आणि मेथिओनिल-प्रोलीन विशेष चालते. समजा त्या वेळी केवळ मेथिओनिल-प्रोलीन वापरले असते, तर ज्या रुग्णांच्या पायांवर न भरणारे व्रण आहेत आणि लघवीतून डायपेप्टाइडचा लोट वाहतो आहे, त्यांचे विकर बऱ्यापैकी शाबूत आहे, असा निष्कर्ष निघाला असता. आपला प्रश्न कोलॅजेनचा आहे, आणि कोलॅजेनच्या साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन असते, म्हणून ग्लायसिल-प्रोलीन हा तिथला खरोखरचा, नैसर्गिक सबस्ट्रेट आहे. तो सोडू नये. जमल्यास थोड्या नमुन्यांवर मेथिओनिल-प्रोलीनही चालवावे. दोन्हींतील गुणोत्तर एकट्या आकड्यापेक्षा अधिक सांगेल.

१९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत बर्गमन आणि फ्रुटन यांनी आतड्यातील हे विकर वेगळे ओळखले, तेही कृत्रिमरीत्या तयार केलेल्या लहान पेप्टाइडच्या साहाय्याने. प्रथिनासारखा मोठा सबस्ट्रेट वापरला, तर कोणता बंध कोणी तोडला हे कळत नाही. डायपेप्टाइडमध्ये तुटण्याजोगा पेप्टाइड बंध एकच असतो, आणि त्याची ओळख आपण स्वतः ठरवलेली असते.

प्रोलीनमुळे येणारी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. ग्लायसिल-प्रोलीनचा पेप्टाइड बंध द्रावणात सिस आणि ट्रान्स अशा दोन्ही रूपांत (त्याच अणूंच्या दोन वेगळ्या मांडण्यांत) असतो, सिसचा वाटा नगण्य नसतो, आणि प्रोलिडेझ केवळ ट्रान्स रूप तोडते. दोन रूपांतील अदलाबदल संथ असते. सबस्ट्रेटचा दहावा हिस्साही न तुटता क्रिया थांबवली, तर याचा त्रास होत नाही, पण विकर जास्त घातले, तर सुरुवातीला ट्रान्स भराभर संपते आणि पुढचा वेग विकराचा न राहता अदलाबदलीचा होतो. म्हणून ५, १०, २० आणि ३० मिनिटांची वाचने एकदा घेऊन रेषा कुठे वाकते ते पाहावे.

मोजलेली क्रिया प्रोलिडेझचीच आहे, हे दाखवण्यासाठी एन-बेन्झिलॉक्सिकार्बोनिल-प्रोलीन हा रोधक घालून एक नळी चालवावी. परीक्षक हा प्रश्न विचारतातच.

२४ तासांच्या मँगनीजबाबत मात्र माझे मत वरच्या पद्धतीहून थोडे वेगळे आहे. इतका वेळ ठेवल्याने विकर पूर्ण जागे होते खरे, पण त्याबरोबर सीरमचे स्वतःचे विघटनही वाढते. ग्लुटाथायोन घालून हा वेळ कमी करता येतो. एका नमुन्यावर १, ३, ६ आणि २४ तास करून पाहावे, आणि जिथे क्रियाशीलता स्थिरावते तो वेळ सर्व नमुन्यांना लावावा.

निवृत्त_अध्यापक

वेळ कमी करण्याची सूचना मला मान्य आहे. मात्र रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्या नमुन्यांवर ती स्वतंत्रपणे तपासून पाहावी, कारण दोन्ही गटांत विकर सारख्याच वेगाने जागे होईल असे गृहीत धरता येत नाही. बफर ट्रिसच ठेवावे. फॉस्फेटमध्ये मँगनीज खाली बसते. द्रावण तपकिरी दिसू लागले, तर मँगनीजचे ऑक्सिडेशन झाले असे समजून ते टाकून द्यावे आणि त्याच दिवशी ताजे करावे. ग्लायसिल-प्रोलीनचे द्रावणही रोजचे रोज करावे. प्रोलीन असलेले डायपेप्टाइड द्रावणात पडून राहिले, की हळूहळू वलयाकार डायकिटोपिपरेझिनमध्ये रूपांतरित होण्याकडे त्यांचा कल असतो, आणि तेवढे सबस्ट्रेट विकराच्या उपयोगाचे राहत नाही. पावडर कोरडी आणि गोठणबिंदूखाली ठेवावी, आणि बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, म्हणजे आत दव धरत नाही.

ऊतीशोध

लाल झाकणाच्या ट्यूबमधील, हिमोलिसिस नसलेले अकरा नमुने माझ्याकडे शिल्लक आहेत. नवा लॉट आल्यावर प्रथम त्यांच्यावरच मँगनीजच्या वेळेचा आणि रोधकाचा प्रयोग करते, आणि आलेली वाचने प्रत्येक रुग्णाच्या शून्य मिनिटाच्या नळीसह इथे लिहिते.