आठवड्याचं वजनाचं इंजेक्शन: सिरिंज, फ्रीज आणि सोलापूरचं ऊन

विजापूररोड_४२ (प्रश्न)

वय ४२, उंची १६५ सेंमी, वजन ९४ किलो. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.९. गोळ्या: साखरेसाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, बीपीसाठी टेल्मिसार्टन. फिजिशियननी टिरझेपॅटाइड २.५ मिग्रॅ, आठवड्यातून एकदा, असं लिहून दिलंय. चार व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) मिळाल्या, औषध आधीच भरलेलं पेन नाही. पुढच्या तपासणीला अजून तीन आठवडे आहेत, म्हणून इथे विचारतो.

१) भूक नेमकी कशाने कमी होते? हे झोपेच्या गोळीसारखं मेंदूवर काम करतं का?
२) व्हायलमधून किती युनिट ओढायचे? एक जण २० म्हणतो, दुसरा ५०.
३) एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे लाइट गेली की औषधाचं काय होतं?
४) जेवणात काय बदलायचं? भाकरी बंद करायची का?
५) हे किती दिवस घ्यावं लागतं?

एमडी_सातरस्ता

पहिल्या प्रश्नापासून घेतो. जेवण आतड्यात पोचलं की तिथून जीएलपी-१ नावाचं हॉर्मोन सुटतं. ते मेंदूला 'पोट भरलं' सांगतं, जठर हळू रिकामं करतं आणि साखर चढलेली असेल तरच इन्सुलिन वाढवतं. अडचण एवढीच, की शरीरातलं हे हॉर्मोन दोनेक मिनिटांत निम्मं होतं. सेमाग्लुटाइड हे त्याचीच नक्कल करणारं औषध, त्याची रचना अशी बदललीय की ते निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. तुमच्या टिरझेपॅटाइडला पाच दिवस लागतात आणि ते जीआयपी या दुसऱ्या हॉर्मोनच्या जागेवरही बसतं. म्हणून आठवड्यातून एक टोचणी पुरते. गुंगी येत नाही, सवय लागत नाही. जुन्या भूकमारू गोळ्या छाती धडधडवायच्या, हे त्या जातीचं औषध नव्हे.

आकडे माहीत असलेले बरे, नाहीतर शेजारचे सांगतील ते खरं वाटतं. सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅच्या मोठ्या चाचणीत (२०२१) ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नुसत्या आहार-व्यायामाच्या गटात २.४ टक्के. टिरझेपॅटाइडच्या २०२२ च्या चाचणीत ७२ आठवड्यांत ५ मिग्रॅवर १५ टक्के, १५ मिग्रॅवर २०.९ टक्के. या दोन्ही चाचण्या मधुमेह नसलेल्यांवर झाल्या. मधुमेह असेल तर उतार थोडा कमी असतो, तेव्हा तुम्ही हाच आकडा धरून बसू नका.

आता तुमच्या यादीतली खरी काळजीची गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाही: ग्लिमेपिराइड. टिरझेपॅटाइड एकट्याने साखर सहसा फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड साखर कितीही असली तरी इन्सुलिन पिळून काढतं. त्यात जेवण निम्म्यावर आलं की दुपारी चार-पाचच्या सुमारास हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. तीन आठवडे थांबू नका. पहिली टोचणी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा, 'ग्लिमेपिराइड अर्धं करायचं की बंद?' स्वतः ठरवू नका. मेटफॉर्मिनचा असा त्रास नाही.

दुसरं टेल्मिसार्टन. उलट्या-जुलाब झाले, बाहेर ४२ डिग्री, पाणी पोटात टिकत नाही आणि बीपीची गोळी चालूच, असं झालं तर मूत्रपिंडाला धक्का बसतो. त्या दिवशी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवायची असते. वजन उतरलं की बीपीही उतरतं, घरी मोजत राहा.

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हरच्या तपासण्या, लिपिड (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइडसाठी) झालेलं असावं. मधुमेह असल्याने डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. साखर झपाट्याने उतरली की आधीपासून बिघडलेला पडदा काही काळ जास्त बिघडू शकतो. थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात असेल तर हे औषध घ्यायचंच नाही. पूर्वी पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) झाला असेल तर आधी सांगा.

औषधालय_अशोकचौक

'२० की ५०' या वादात दोघंही बरोबर आहेत आणि म्हणूनच घोटाळा होतो. डोस ०.५ मिली आहे, युनिट नव्हे. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात:

- लाल टोपी, यू-४० (एका मिलीत ४० युनिट): ०.५ मिली म्हणजे २० ची रेघ.
- नारिंगी टोपी, यू-१०० (एका मिलीत १०० युनिट): ०.५ मिली म्हणजे ५० ची रेघ.

कोणीतरी लाल टोपीचा हिशोब सांगतो आणि घरात नारिंगी सिरिंज असते. २० पर्यंत भरलं की आत जातं ०.२ मिली, म्हणजे २.५ मिग्रॅच्या जागी १ मिग्रॅ. मग 'औषध लागूच पडत नाही' म्हणून तक्रार. टोपीच्या रंगावरही पूर्ण भरवसा नको, सिरिंजवर छापलेलं यू-४० की यू-१०० वाचा. दुकानात नारिंगी मागा, तिची सुई बारीक आणि आखूड असते.

ओढायची रीत: व्हायल अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा, गार औषध जास्त चुरचुरतं. द्रव स्वच्छ, रंगहीन किंवा किंचित पिवळसर असावा. गढूळ असेल, कण दिसत असतील तर घेऊ नका. रबराचं बूच स्पिरिटने पुसून वाळू द्या. सिरिंजमध्ये ०.५ मिली हवा ओढून ती व्हायलमध्ये सोडा, व्हायल उलटी धरा, औषध ओढा, टिचकी मारून बुडबुडे वर आणा आणि परत व्हायलमध्ये ढकला. रेघेवर आलं की झालं.

जागा: पोट, पण बेंबीपासून चार बोटं सोडून. किंवा मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग. दर आठवड्याला जागा बदला. टोचल्यावर दहा आकडे मोजून मग सुई काढा. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. घंटागाडीत सुटी सुई टाकू नका, कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागते.

पार्कचौक_वाचक

५ मिग्रॅची व्हायल घेऊन दोन आठवड्यांत अर्धी-अर्धी घेतली तर? २.५ आणि ५ च्या किमतीत दुपटीचा फरक नाही. पैसे वाचतील की.

औषधालय_अशोकचौक

हा सल्ला व्हॉट्सअॅपवर फिरतोय. ती व्हायल एका डोसची आहे, तिच्यात जंतू रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. बूच एकदा भोसकलं की आठवडाभर ते फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे जंतूंना घर देणं. टोचल्या जागी गळू झालं की वाचलेले पैसे ड्रेसिंगला जातात. उरलं तर फेकायचं.

पैसे वाचवायचेच तर डॉक्टरांना सेमाग्लुटाइडबद्दल विचारा. मार्च २०२६ मध्ये त्याचं भारतातलं पेटंट संपलंय, तेव्हा इतर कंपन्यांचा माल कमी किमतीत मिळू शकतो. मात्र एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मिलिग्रॅमची सरळ बरोबरी नसते. सेमाग्लुटाइडची शिडी ०.२५, ०.५, १, १.७, २.४ अशी, टिरझेपॅटाइडची २.५, ५, ७.५ अशी १५ पर्यंत. प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे.

पेनवर गेलात तर दोन गोष्टी. चार डोसांच्या पेनमध्ये चौथ्यानंतरही थोडा द्रव दिसतो, तो पाचवा डोस नव्हे. आणि सुई पेनला लावून ठेवू नका, हवा शिरते, औषध गळतं.

आता ऊन. औषध ठेवायचं २ ते ८ डिग्रीत. न उघडलेली व्हायल ३० डिग्रीच्या आत २१ दिवस चालते, असं माहितीपत्रकात असतं. पण एप्रिलात सोलापुरात घरातच ३० च्या वर पारा, तेव्हा ती सवलत आपल्यासाठी नाहीच असं समजा. फ्रीजमध्ये मधला कप्पा. एक दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या खणाखालचा ट्रे टाळा, तिथे गोठतं. गोठलेलं औषध वितळून पुन्हा स्वच्छ दिसलं तरी फेकायचं, प्रथिनासारखी साखळी मोडलेली असू शकते. दारातल्या कप्प्यात उघडझाप फार होते.

लाइट गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज चारेक तास गारवा धरतो. त्याहून लांबलं तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, वर टॉवेलची घडी आणि त्यावर डबीतली व्हायल. बर्फाला औषध चिकटता कामा नये. पुण्याला जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. विकत घेतानाही दुकानदार फ्रीजमधून काढून बर्फासकट देतो का बघा, बॅच नंबर असलेलं बिल घ्या. 'पेप्टाइड पावडर' म्हणून कुरिअरने जे काही येतं ते औषध नव्हे.

आहारतज्ज्ञ_नवीपेठ

भाकरी बंद करू नका. भाकरीचा क्रम बदला.

भूक निम्म्यावर येते तेव्हा माणूस काय सोडतो? वरण, भाजी, अंडं. आणि काय ठेवतो? चहा-बिस्किट, कारण ते सहज उतरतं. वजन उतरतं खरं, पण त्यात स्नायू जातात. या औषधांवर उतरलेल्या किलोंपैकी पाव ते चाळीस टक्क्यांपर्यंत वाटा चरबीखेरीज इतर वस्तुमानाचा असतो. त्यावर उपाय दोनच: प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम. कंबर तलावाभोवती चालणं चांगलं, पण चालण्याने स्नायू टिकत नाहीत. आठवड्यात दोन-तीनदा उठाबशा, भिंतीवर जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं.

तुम्हाला दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतील, किडनीचा रिपोर्ट नीट असेल तर. हिशोब असा: एक अंडं ६ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स साधारण २५, शिजलेलं १०० ग्रॅम चिकन २५ च्या पुढे, अर्धा लिटर दूध १६, ३० ग्रॅम कच्ची डाळ ७. शेंगदाण्यातही आहे, ३० ग्रॅमला ७-८, पण सोबत दीडशेच्या वर कॅलरी येतात. म्हणजे शेंगाचटणी चमचाभर, वाटीभर नव्हे. वर तेलाची धार तर नकोच, हळू रिकाम्या होणाऱ्या जठरात तेल तासन् तास बसून राहतं आणि सडक्या अंड्यासारखे ढेकर येतात.

ताटात आधी अंडं, उसळ किंवा चिकन, मग भाजी, शेवटी भाकरी. कडक भाकरी आमटीत कुस्करली तर चतकोरातच पोट भरतं, म्हणून ती शेवटी. पहिली 'पुरे' अशी जाणीव झाली की थांबायचं. 'ताटात टाकू नये' या संस्काराला इथे मुरड घाला, वाढतानाच कमी वाढून घ्या. टोचणीनंतरचे दोन दिवस मळमळ जास्त असते, त्या दिवशी मटणाचा रस्सा ठरवू नका.

एकादशीचा साबुदाणा या औषधावर सगळ्यात वाईट: प्रथिन जवळजवळ शून्य, वर तूप-दाणे. उपास असेल तर ताक, दूध, राजगिरा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना निर्जळी करू नका.

बद्धकोष्ठता येणारच असं धरून चाला. पाणी अडीच-तीन लिटर, घोट-घोट, जेवणाच्या मधल्या वेळात. इसबगोल घेतलंत तर भरपूर पाण्यासोबतच, नाहीतर तेच अडकतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात ते बहुधा झपाट्याने वजन उतरल्यामुळे, बहुतेकांचे परत येतात.

एमडी_सातरस्ता

पाचवा प्रश्न राहिला. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या लोकांचं औषध बंद केल्यावर वर्षभर निरीक्षण केलं, तेव्हा उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. बीपीची गोळी बंद केली की बीपी वाढतं, त्यात जसं नवल नाही तसंच हे. तेव्हा 'तीन महिन्यांचा कोर्स' म्हणून सुरू करणार असाल तर आत्ताच घरच्या बजेटचा विचार करा. दुसरीकडे, सोसवेल त्या सर्वांत वरच्या डोसवर सहाएक महिने होऊनही ५ टक्के वजन उतरलं नाही, तर चालू ठेवायचं का हे डॉक्टरांशी नव्याने ठरवायचं. २.५ मिग्रॅवर काटा हलला नाही म्हणून निराश होऊ नका, तो डोस फक्त पोटाला ओळख व्हावी म्हणून असतो.

दवाखान्यात लगेच जायची लक्षणं: पोटाच्या वरच्या भागात सलग, पाठीत जाणारी कळ (स्वादुपिंड). उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ (पित्ताशयातले खडे, वजन झपाट्याने उतरताना होतात). दिवसभर पाणीसुद्धा न टिकणं. अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं. कुठलंही ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी असेल तर भूल देणाऱ्यांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आवर्जून सांगा. उपाशी असूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

वाचणाऱ्या भगिनींसाठी एक: टिरझेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरुवातीला आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोध किंवा दुसरं साधन वापरा. मूल हवं असेल तर टिरझेपॅटाइड किमान एक महिना आणि सेमाग्लुटाइड दोन महिने आधी बंद.

विजापूररोड_४२

आभारी आहे. ग्लिमेपिराइडसाठी फोन केला, त्यांनी ते बंद करून रोज दोनदा साखर मोजायला सांगितलं. एकच राहिलं: मंगळवार ठरवलाय, पण कामावर सुट्टी रविवारी असते. वार बदलता येतो का? आणि चुकला तर?

औषधालय_अशोकचौक

येतो. टिरझेपॅटाइडच्या दोन टोचण्यांमध्ये किमान ७२ तास हवेत. मंगळवारनंतर रविवारी घेतली तर पाच दिवस होतात, चालेल. पुढे रविवारच धरा. चुकलेला डोस चार दिवसांच्या आत आठवला तर घ्या, त्यानंतर तो सोडून ठरलेल्या वारी पुढचा. दोन डोस एकदम कधीच नाही. ओळीने दोन-तीन आठवडे चुकले तर परत खालच्या पायरीवरून चढावं लागू शकतं, तेव्हा तशीच टोचू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि शनिवारी दुपारी चार तास लाइट नव्हती असं झालं, तर रविवारी टोचण्याआधी फ्रीजमधली पाण्याची बाटली हाताला लावून बघा. ती कोमट लागली तर व्हायल घेऊन दुकानात या, न विचारता टोचू नका.